गाळलेली साक्ष

आमचे हे सरकारी वकील. घरात मिठाचा डबा कुठे असतो ते ठाऊक नाही, पण कोर्टात उभे राहिले की आरोपीच्या पोटात गोळा यायचा. साक्षीदाराला मात्र आधी बजावायचे, "डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच सांगा." मला ती उगीचची खोड वाटायची.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईची लेक जिन्यावरून पडून वारली. जावई म्हणाला, पाय घसरला. त्यानेच ढकललं, असं मी आजही म्हणते. खटला यांच्याकडे आला, तशी ती बाई आमच्याकडे यायला लागली. यांना दादा म्हणायची. हे दर वेळी समजवायचे, "ताई, मी तुमचा वकील नाही, सरकारचा आहे." ती मान डोलवायची आणि चपला घालताना मला म्हणायची, "वहिनी, दादा आहेत म्हणून डोळ्याला डोळा लागतो."

सगळी मदार लेकीच्या शेजारणीवर होती. ढकलताना पाहिलं, असं तिने पोलिसांना सांगितलं होतं. तिच्या साक्षीच्या आदल्या दिवशी बाई आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "दादा, शेजारणीची काळजी नको. तिने नुसता आरडाओरडा ऐकला होता, पण मी तिला सगळं नीट पढवलंय. तुम्ही घरचेच, म्हणून सांगते."

यांचा कप हातातच राहिला. "ताई, मला कशाला सांगितलंत हो?"

ती गेल्यावर मी यांच्यावर तुटून पडले. "ऐकलंच नाही असं समजा ना! तो मेला सुटेल!"

"सुटेल," हे म्हणाले. "पण खोटी साक्ष माहीत असून पुढे करायला मला नेमलेलं नाही." इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी न्यायाधीशांना खरं ते सांगितलं आणि शेजारणीची साक्ष गाळली. उरलेल्या पुराव्यात दम नव्हता. जावई सुटला.

निकालाच्या दिवशी मीही गेले होते. बाई रडली नाही, भांडली नाही. व्हरांड्यात यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, जावयाला वकील होता. सरकारला तुम्ही होतात. मग माझ्या पोरीला कोण होतं?"

यांनी हात जोडले. बाई जिन्याकडे वळली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेली.