मोजेवाल्या कोंबड्या

राघोजी गेल्याचा निरोप मोखाड्याहून आलेल्या गाडीवानाने आणला. पावसाने चिंब भिजलेला, दारातच उभा राहून तो म्हणाला, "मास्तर, जमादार गेलं... लेकीच्या घरीच." लेकीला भेटायला म्हणून राघोजी मोखाड्याला गेला होता, तिथेच तापाने अंथरूण धरलं होतं. राघोजीच्या बायकोने, वहिनींनी, त्याच गाडीत बसता बसता माझ्या हातात त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्याची किल्ली ठेवली. "दाणा घाला, मास्तर. तुमच्याबिगर कोणाला सांगू?" मी मान हलवली. डोळे भरून आले होते, कारण जव्हारात मला मित्र म्हणावा असा तो एकच होता.

जव्हार संस्थानात, दरबारच्या पाहुण्यांच्या बंगल्यावर राघोजी जमादार होता. मी शाळामास्तर. आमची मैत्री जुळली ती कोंबड्यांमुळे. एक साहेब बंगल्यात राहून गेला आणि जाताना कोंबड्यांचा पिंजरा इथेच टाकून गेला. पांढऱ्याशुभ्र कोंबड्या, आणि पायांवर बोटांपर्यंत लोंबणारी पिसं, जणू लोकरीचे मोजे घातलेत. एक जोडी राघोजीने ठेवली, एक मला दिली. आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. माझी बायको, गंगा, त्या कोंबडीला मांडीवर घेऊन बसायची, तिच्याशी बोलायची. मी थट्टा करायचो, ती मनावर घ्यायची नाही.

पण जव्हारचा पाऊस म्हणजे काय ते इथल्याच माणसाला विचारावं. महिना महिना ऊन नाही, भिंतींना बुरशी, घडी घातलेल्या धोतराला वास. राघोजीने सांगितलं ते सगळं मी केलं. जमिनीपासून हातभर उंच खुराडं, कारवीच्या काठ्यांचा कूड, वर गवताचं दाट छप्पर, आत भाताचा कोरडा तूस आणि राख, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर, नाचणीत ठेचलेला लसूण. तरी पाऊस उघडला की कोंबड्या अंगणात उतरायच्या आणि पायांच्या पिसांत चिखलाचे गोळे अडकायचे. गंगा रोज ते धुवायची, पुसायची. पिसं आतून ओलीच राहायची. मग बोटं कुजायची, ताप यायचा, आणि श्रावण सरायच्या आत आमचं खुराडं रिकामं. पुढच्या वर्षी राघोजी पुन्हा पिल्लं द्यायचा, पुन्हा तेच. त्याच्या कोंबड्या मात्र दसऱ्याला बंगल्याच्या हिरवळीवर मोजे घालून डौलात फिरायच्या, आणि दरबारी मंडळी त्याची पाठ थोपटायची.

पावसाळ्यात तो कोणालाही आपल्या खुराड्याकडे फिरकू देत नसे. "बाहेरच्या पायानं रोग येतो, मास्तर." मला हे शहाणपणाचंच वाटे. एक कोंबडी मेली की मी त्याच्या ओटीवर जाऊन बसायचो. तो विडी पुढे करायचा, मला धीर द्यायचा. एकदा तर तो आमच्या घरी आला, मेलेल्या कोंबडीकडे पाहत गंगेच्या समोर म्हणाला, "काय करायचा? काही घरांला जीव लाभत नाय." तो कोंबडीबद्दलच बोलला असेल. पण गंगा आत गेली, आणि त्या दिवसापासून तिने आमच्या कोंबडीलाच काय, शेजारणीच्या पोरालाही उचलून घेतलं नाही. पुढच्या वर्षी आम्ही पिल्लं घेतली नाहीत.

...तर मी किल्ली फिरवून आत गेलो. बाहेर धो धो पाऊस. आत कोरडं ठणठणीत, आणि कोंबड्या मजेत दाणे टिपायला धावल्या. त्यांच्या पायांवर एक पीस नव्हतं! गुलाबी, स्वच्छ, उघडे पाय. कुठेकुठे नव्या पिसांचे बारीक कोंब दिसत होते. पाऊस लागायच्या आधी पायांची पिसं उपटून टाकायची, दसऱ्यापर्यंत ती पुन्हा भरतात. एवढंच! वाचकांपैकी कोणी असल्या कोंबड्या पाळत असेल, तर त्याने हे खुशाल करावं. मला हे माझ्या मित्राने सांगायला हवं होतं.

दिवसकार्य आटोपून वहिनी परतल्या तेव्हा माझा संताप आवरेना. बाई दुःखात आहे हेही मी विसरलो. "त्यानं मला का नाही सांगितलं?" त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "मी बोलायची त्यांना, मास्तरला सांगा म्हणून. ते म्हणत, सांगितला तर मास्तर कशाला येल आपल्या ओटीवर? शिकलेला माणूस... आपल्याकडं बसतो, आपल्याला इचारतो. त्यांना लई बरा वाटायचा." भांडायला माणूस जागेवर नाही. मी त्याच्या ओटीवर आवडीने बसायचो, कोंबड्या जगल्या असत्या तरी बसलो असतो. हे त्याला एवढ्या वर्षांत कळलं नाही, आणि त्याने माझ्या घराला बोल लावला.

वहिनी लेकीकडे राहायला निघाल्या, जाताना कोंबड्या त्यांनी आमच्या दारात आणून सोडल्या. गंगा उंबऱ्यातून पाहत राहिली, पुढे झाली नाही. मी तिला सगळं सांगितलं. खुराडं, पिसं, ओटी, काही लपवलं नाही. तिने दोन्ही हात पदराला पुसले.

"म्हणजे माझ्या हातात काही खोट नव्हती?"

"नव्हती गं."

"मग तेव्हा तुम्ही त्यांना उलटून का नाही बोललात?" ती म्हणाली, आणि कोंबडी उचलून आत घेऊन गेली.