गच्चीवरची खोली पाडली तेव्हा

आमच्या इमारतीत खाली दुकानं, वर दवाखाने आणि ऑफिसं. कोपऱ्यातलं चष्म्याचं दुकान माझं. इमारतीची मालकी एका बाईंची. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना नुसतं ‘बाई’च म्हणतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर त्या आणि त्यांचे यजमान राहतात. त्यांचा एकुलता एक मुलगा गच्चीवरच्या खोलीत असायचा, घरांचे नकाशे काढायचा. दोन वर्षांपूर्वी तो रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्यानंतरही बाई भाडं घ्यायच्या, नळ दुरुस्त करून घ्यायच्या, विनोदाला हसायच्यासुद्धा. पण माणसं उठून गेल्यावरही पंखा फिरत राहावा, तसं ते सगळं.

अशात त्यांनी गच्चीवर सोलर बसवायचं काढलं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आम्हा सगळ्यांची बैठक बोलावली. छापखान्याच्या मालकांना आम्ही तोफ म्हणतो, कारण त्यांना हळू बोलता येत नाही. तेच आधी सुरू झाले.

“बाई, गच्ची तुमची, कर्ज तुमच्या डोक्यावर, आणि बिल कमी होणार आमचं? आम्ही म्हणजे आयत्या बिळावर नागोबा!”

“नागोबानं भाडं भरलं तर काय हरकत आहे?” डॉक्टर म्हणाले.

सगळे हसले. बाई शांतपणे म्हणाल्या, “तेच सांगायला बोलावलंय. गच्चीवरची वीज मी तुम्हाला देणार, आत्ता भरता त्यापेक्षा कमी दरानं. प्रत्येकाला वेगळा मीटर. त्या पैशांतून बँकेचा हप्ता जाईल. वीज कमी पडली तर तेवढी बाहेरून घ्यायची.”

“एखादी कंपनी स्वतःच्या खर्चानं बसवून देते म्हणे,” मी म्हणालो.

“देते. पण त्यांच्याकडून वीस वर्षं वीज घ्यायचा करार करावा लागतो. वीस वर्षांचं काही ठरवणं मला जमत नाही आता. कर्ज लवकर संपेल.”

मग आराखडा करणारी मुलगी उठली. सोलरच्या कामातली इंजिनियर, शहाणी, बोलायला गोड. तिनं भिंतीवर गच्चीचं चित्र लावलं. “जागा उत्तम आहे. अडचण एकच. ही खोली. दुपारनंतर हिची सावली बरोबर पॅनलच्या मधल्या रांगांवर पडेल. खोली काढली तर पॅनल बरेच वाढतील आणि हप्ता वीजविक्रीतूनच निघेल. ठेवली तर दर महिन्याला थोडे पैसे तुम्हाला घालावे लागतील.”

ती खोली कुणाची, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळे फरशीकडे बघत बसलो.

“पाडायला किती लागतील?” बाईंनी विचारलं.

नंतर कुणीतरी त्या मुलीला खरं काय ते सांगितलं. ती धावतच माझ्या दुकानात आली, कारण बाई तिथेच उभ्या होत्या. डोळे भरलेले. “काकू, मला माहीत नव्हतं हो. मी नवीन आराखडा करते. खोली राहू दे.”

“त्यानं आकडे बिघडतील ना?”

“थोडे.”

“मग नको.”

यजमानांना त्यांनी त्या रात्री जेवताना सांगितलं. ते मुलगा गेल्यापासून गच्चीवर चढलेच नव्हते. त्यांनी भाताचा घास खाली ठेवला, म्हणाले, “तुझं तू बघ,” आणि हात धुवायला उठले. हे मला बाईंनीच सांगितलं, गॅसचा भाव सांगावा तशा सुरात.

खोली रिकामी करायला मी आणि डॉक्टर गेलो. नकाशे काढायचं मोठं टेबल छापखान्यात गेलं. कपडे, बूट, पुस्तकं बाई भराभर वेगळी करत होत्या: हे द्यायचं, हे टाकायचं. खिडकीत एक पेला होता, तळाशी चहा वाळून काळा झालेला. तो तेवढा त्यांनी नळाखाली धरला आणि घासघास घासला. मला वाटलं, आता बांध फुटणार. त्यांनी पेला पुसला, देण्याच्या ढिगात ठेवला आणि म्हणाल्या, “दाराची कडी चांगली आहे, मजुरांना काढून ठेवायला सांगा.”

उन्हाळ्याच्या तोंडाला पॅनल लागले. बिलं कमी झाली, हप्ता सुटायला लागला. तोफेनं जिन्यात उभं राहून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असे आभार मानले. मी एकदा बाईंना विचारलं, “वर गेल्यावर कसं वाटतं?”

“काही नाही वाटत. पाडताना तरी रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं.”

पुढे पॅनल धुणारा माणूस यायचाच बंद झाला. धूळ साचली, वीज घटली. एका सकाळी मीटर बघायला मी वर गेलो, तर यजमान लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून हातात पाइप धरून उभे. खोली होती त्या जागेवरच्या रांगा धूत होते. बाई पलीकडून फडकं मारत होत्या.

“अहो, पाणी किती सोडताय,” बाई म्हणाल्या.

त्यांनी पाइप जरा चिमटीत धरला, आणि पुढची रांग धुवायला घेतली.