चिनी किटलीचं झाकण

दमूमावशी गेल्याचा फोन आला, तेव्हा रडू यायच्या आधी मी विचारलं, "झाकण कुठंय?" मावसभाऊ म्हणाला, "तिच्या उशाखाली." मग मात्र रडले...

ते झाकण एका चांदीच्या किटलीचं. वर वेटोळं घातलेला ड्रॅगन. आम्ही मुली त्याला नागोबा म्हणायचो. माझे आजोबा छावणीत निजामाच्या एका अधिकाऱ्याकडे मुनशी होते. पोलीस ॲक्शननंतर तो बिऱ्हाड गुंडाळून निघाला, तेव्हा किटली त्यांना देऊन गेला. त्यांनी ती मावशीला लग्नात दिली.

गल्लीतल्या सराफानं ती एकदा उलटी करून काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला सांगितलं, "मास्तर, बुडाला चिनी अक्षरं हायेत. चिनी म्हंजी नकली." काका भोळे सांब. मावशी वैजापूरला माहेरी असताना किटली देऊन पितळी घंगाळ घेऊन आले. झाकण तेवढं चिंचेनं घासून फडताळात वाळत होतं, ते राहिलं.

पुढं अजिंठा बघून आलेल्या एका गोऱ्या बाईनं सराफाच्या दुकानात ती किटली पाहिली. चीनच्या कारागिरांनी खास परदेशी गिऱ्हाइकांसाठी घडवलेली ही अस्सल चांदी, असं तिनं सांगितलं, आणि विचारलं, झाकण कुठंय? सराफ धावत मावशीकडे आला.

"आधी किटली परत करा," मावशी म्हणाली.

"दिलेला माल परत नसतो, वहिनी."

"मग झाकणबी नाय."

एवढ्यावर थांबली तर ती दमूमावशी कसली! त्या संक्रांतीपासून हळदीकुंकवाला तिनं कोयरी बाजूला ठेवली. झाकण उलटं करायचं, डगमगू नये म्हणून बांगडीत बसवायचं, आणि त्यातलं पहिलं कुंकू सराफीणबाईंना. कुंकवाला नाही कोण म्हणणार? वर हसून सांगायची, "घरी सांगा बरं का, झाकण खुशाल हाय." त्या बाईंचा काय दोष, हे मला कळायचं. तरी खरं सांगते, लई मजा यायची. तिकडं सराफाच्या काचेच्या कपाटात किटली जन्मभर बोडकीच राहिली.

तेराव्याला सराफाचा मुलगा आला. "ताई, बाबा गेले, मावशीबी गेल्या. आता वैर कशाला? द्या की झाकण."

काका सवयीनं म्हणाले, "देऊन टाक..." मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"किटली आणलीत?" मी विचारलं.

तो हसला. "ती कशी देणार, ताई?"

झाकण आता माझ्या देवघरात आहे, मावशीच्याच बांगडीत. संक्रांतीला अजून अवकाश आहे, पण पहिलं बोलावणं मी त्याच दिवशी त्याच्या हाती दिलं... त्याच्या बायकोला.