जहाजाच्या डोक्यावर बसलेला कावळा

संक्रांतीच्या आधीचा सोमवार. समुद्रात, किनारा दिसेनासा झालेला. हजर: कॅप्टन साहेब, ब्रिजवर. सराव तपासायला आलेले अंपायर, एक लेफ्टनंट कमांडर, हातात चहाचा कप. पेटी ऑफिसर महापात्रा, ओडिशाचे, आग विझवण्याच्या टोळीत माझ्याखालोखाल. सीमन अंगद, मानवतजवळच्या खेड्यातला, डाव्या बाजूला टेहळणीवर. आणि मी, चीफ पेटी ऑफिसर, गाव पिंगळी, जहाजाच्या मागच्या भागात टोळीसह. बाकी क्रू आपापल्या जागी.

गावाकडे मला नेहमी विचारतात, एवढं मोठं लोखंडी जहाज, त्याला हातभर ड्रोन काय करणार? उत्तर सोपं आहे. जहाज लोखंडी असतं, त्याचे डोळे-कान लोखंडी नसतात. रडार आणि अँटेना वर उघड्यावर असतात. ते फुटले की जहाज तरंगतं, पण आंधळं. मिसाइलची तऱ्हा वेगळी. ते लाटांना घासून येतं आणि क्षितिजावर दिसतं तेव्हा विचार करायला सवड उरत नाही. पाडायला आपल्याकडेही मिसाइल असतात, पण मोजकीच. संपली तर समुद्रात दुकान नाही. समोरचा मात्र स्वस्तातली ड्रोन एकामागून एक सोडू शकतो.

त्या दिवशीचा सराव हाच होता. किनाऱ्यावरची टीम हल्ला करणार, आम्ही वाचायचं.

मिसाइलचं सोंग घेतलेलं विमान आलं. रडारने पकडलं, लढाई चालवणाऱ्या ऑप्स रूमने कागदावर पाडलं. अंपायर मान हलवून म्हणाले, "पाडलं." ब्रिजवर सगळे खूश. तेवढ्यात अंगदचा आवाज आला. तो इंटरकॉमच्या लाइनवर मीही ऐकला.

"ब्रिज, पोर्ट लुकआउट. पक्षी, मागच्या बाजूनं."

"कोणता पक्षी?"

"कावळा, सर."

"किनारा किती लांब आहे माहीत आहे ना?"

"हो सर. म्हणूनच सांगायलोय."

"नीट बघ."

"बघितलं, सर. पंख हलवंना."

यावर ब्रिजवरून उत्तर येण्याआधीच ते ब्रिजच्या छतावर येऊन बसलं. चार पंखे, पोटाला सरावाच्या खुणेचं लाल फडकं. अंपायरनी कप खाली ठेवला.

"ब्रिज गेला. इथले सगळे मृत."

"मी पण?" कॅप्टन साहेब म्हणाले.

"सर, तुम्ही सर्वांत आधी."

नियमाप्रमाणे मेलेल्यांनी आडवं व्हायचं, बोलायचं नाही. कॅप्टन साहेब टोपी पोटावर ठेवून आडवे झाले. अंपायर कप उचलून फिरत मागे आले आणि माझ्या टोळीकडे बोट करून म्हणाले, "यांना धूर लागला. हेही गेले." उरलो मी एकटा. खोटी आग, खरं पाणी, आणि पाईप ओढायला माणूस नाही. मी वॉल्व्हशी झटत होतो. पायाशी महापात्रा डोळे मिटून पडलेले.

"चीफ, वो उल्टा घूमता है."

"मुर्दे बोलते नहीं."

"तो फिर डूबो."

वॉल्व्ह उलटाच फिरत होता. अंपायरनी ऐकलं नसावं, किंवा ऐकूनही चहाकडे लक्ष दिलं. पुढचं काम माझंच होतं: मृतांची यादी करणं. कॅप्टन साहेबांनी पडल्या पडल्या आपल्या नावाचं स्पेलिंग दुरुस्त करून दिलं.

संध्याकाळी बंदराला लागलो. जमा केलेले फोन परत मिळाले. अंगदने घरी आवाजाचा निरोप पाठवला आणि तो आंघोळीला गेला. थोड्याच वेळात माझा फोन वाजला. त्याचा थोरला भाऊ होता; अडीअडचणीला म्हणून घरी माझा नंबर दिलेला होता.

"साहेब, अंगद गेला का?"

"कुठं?"

"त्यानंच सांगितलंय. जहाजाच्या डोक्यावर कावळ्यावानी ड्रोन येऊन बसलं, अन् आमी समदे मेलो म्हन्ला. आता फोन उचलंना."

"मेलेला माणूस निरोप कसा पाठवील?"

तिकडून हळू आवाजात, "हे ध्यानात न्हाई आलं बगा. पर आईला कोनीतरी सांगितलंय. तिला बीपी हाय, साहेब."

मागून एकदम रडण्याचा आवाज आला. एका बाईचा, मग चार बायांचा. सरावात मेलेले उठून बसतात, बीपीचं माणूस बसेलच असं नाही. मी ओरडून सांगितलं, "आधी आईंना फोन द्या."

फोन हातोहात गेला. रडणं थांबलं.

"कोन?"

"मावशी, मी पिंगळीचा. अंगद सुखरूप आहे. सराव होता तो."

"मला म्हाईत हाय. डोक्यावर कावळा बसला म्हन्ला न्हवं त्यो? मंग मेल्याची खोटी बातमी घरी द्यावीच लागतीया, अन् घरच्यानं रडावंच लागतंय. तवा खरं मरान टळतंय. पोरगं शानं हाय, रीत इसरलं न्हाई." मग म्हणाल्या, "ह्याच्या एकट्याच्या डोक्यावर बसला का जहाजाच्या?"

"जहाजाच्या."

"मंग माझ्या एकलीच्या रडन्यानं काय व्हतंय? समद्यांच्या आयांनी रडाय पाहिजे. तुमच्याकडं यादी असंल की."

"आहे."

"मंग कळवा. अन् ठेवा आता, माझं मधीच थांबलंय."

मागे पुन्हा सूर लागला. अंगद आंघोळ करून आला तेव्हा मी त्याला बरंच सुनावलं. तो म्हणाला, "चीफ, मला तर रीत म्हाईतच न्हवती." मेसमध्ये आठवडाभर हसणं चाललं. महापात्रा म्हणाले, "मेरी माँ को मत बताना, वो झूठा नहीं रोती."

कोणालाच कळवलं नाही. कळवण्यासारखं ते नव्हतंही.

पुढे महापात्रांची दुसऱ्या जहाजावर बदली झाली. तिथे इंजिन रूमला आग लागली. ड्रोन नव्हतं, शत्रूही नव्हता. त्यांनी दोघांना बाहेर काढलं आणि तिसऱ्यासाठी आत गेले. तिसरा वाचला.

मी निवृत्त होऊन पिंगळीला आलो. एकदा मानवतला गेलो असताना अंगदच्या घरी मावशींकडे चहाला थांबलो आणि त्यांना हे सांगितलं. त्या कापसाचं बोचकं बांधत होत्या. हात थांबले नाहीत.

"त्याच्या आईला तवा कळवलं व्हतं का?"

"नाही, मावशी."

"कळवून काय झालं असतं ते देवाला ठावं." त्यांनी गाठ आवळली. "पर आता तिला एकलीला खरं रडाय लागतंय. जाऊन बसावं जवळ. भाषा येती का तुमाला तिकडची?"

"महापात्रांनी शिकवलेले दोन-तीन शब्द. सगळे जेवणाचे."

"तेवढे पुरं. मी बी येते. कापूस येचून होऊ द्या."

महापात्रांच्या गावाचा पत्ता माझ्याकडे आहे. स्टेशनवर उतरून पुढे बस आहे, तीही विचारून ठेवली आहे. त्यानंतर कापूस एकदा वेचून झाला, आता पुन्हा बोंडं फुटली आहेत. आम्ही अजून निघालेलो नाही.