पहिल्या इमारतीचं कर्ज

शहराच्या कडेला, मखमलाबादच्या बाजूला आमची भाजीपाल्याची जमीन होती. नव्वदच्या दशकात आजूबाजूला इमारती उठू लागल्या, तेव्हा सासरे म्हणाले, "इकायची नाय. आपणच बांधू." घरात कॉमर्स शिकलेली मी एकटीच, म्हणून कर्जाचं प्रकरण माझ्या गळ्यात आलं.

मी जवळपासच्या सोसायट्यांत फिरले. भाडं किती, हप्ता किती झेपेल, हे तिथल्या बायकांनी चहा पाजून सांगितलं. बहुतेकींचे नवरे सातपूरच्या कारखान्यांत. त्यांना परवडणारं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यावर मी खर्चाचा आणि विक्रीचा अंदाज बांधला, इंजिनिअरकडून तपासून घेतला.

बँक शहरात, द्वारका चौकाजवळ होती. तिथले साहेब प्रत्येक प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारायचे.

"हिलाच विचारा, सगळं हिनेच केलंय," तो सांगायचा. साहेब मान हलवायचे आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच.

आधी म्हणाले, जमीन बिनशेती करून आणा. त्यात वर्ष गेलं. तोवर स्टील महागलं, म्हणून नवा अंदाज मागितला. तोही दिला, तेव्हा विचारलं, "याआधी किती इमारती बांधल्यात?"

"ही पहिलीच," मी म्हणाले.

"मग अवघड आहे. अनुभव लागतो."

"पहिलीला कर्जच मिळालं नाही, तर अनुभव येणार कुठून?"

साहेबांनी दुसरी फाईल उघडली.

शेवटी जमीन एका बिल्डरला दिली, काही फ्लॅट आमचे या बोलीवर. त्याच जमिनीवर त्याच बँकेने त्याला बिनबोभाट कर्ज दिलं. मी त्याला माझी पाहणी सांगितली. तो हसला. "वहिनी, आता लोकांना मोठे फ्लॅट लागतात."

मोठे फ्लॅट उभे राहिले. लोक यायचे, भाव विचारून जायचे. बिल्डरचा पैसा अडकला, उरलेलं काम थांबलं, आमचा वाटाही लटकला. सासरे एकदा म्हणाले, "तू सांगितलं तसंच झालं, पोरी." मला त्याचं काडीचंही समाधान वाटलं नाही.

दोनेक वर्षांनी बिल्डरने मधे भिंती घालून प्रत्येक फ्लॅटचे दोन केले. मग ते खपले. राहायला आलेल्या एका बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "अहो, स्वयंपाकघराला खिडकीच नाही. कुणी काढला हा नकाशा?"

"बिल्डरने," एवढं सांगून मी जिना उतरले. घरी येऊन मात्र नवऱ्यावर उगाच चिडले.