वस्तऱ्याखालची बडबड

जावई लढाईवरून परत आला तो छाती फुगवूनच. का नाही फुगवणार? साता समुद्रापलीकडे लढाई पेटली, देशाने सैनिक पाठवले, युद्धनौका पाठवल्या, आणि त्यातल्या एका नौकेवर न्हावी म्हणून हा! लढाई कोणाची नि कशापायी, हे गल्लीत कोणाला धड सांगता येत नव्हतं, पण आपल्या बोटी गेल्यात म्हटल्यावर सगळ्यांच्या माना ताठ. तोफा डागणारे डागोत बापडे, पण त्यांच्या दाढ्या कोण करणार?

"बोट कलली की वस्तरा उचलायचा, सरळ झाली की एक हात मारायचा," तो ऐकवायचा. "अख्ख्या लढाईत एकाला ओरखडा नाही!"

सासऱ्यांचं दुकान बंदराच्या रस्त्यावर होतं. दोन खुर्च्या, कोपऱ्यात तडकलेला आरसा आणि त्यावर लाल अक्षरांत पाटी: 'दाढी चालू असताना बोलू नये.' म्हातारा याबाबतीत महाकडक. एक गिऱ्हाईक मध्येच हसलं, तर त्याला तसंच अर्ध्या दाढीनिशी घरी पाठवलं होतं. आता म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते आणि दुकान जावयाला मिळायचं होतं. पुतण्याही त्यावर डोळा ठेवून बसला होता, ते वेगळंच.

पहिलंच गिऱ्हाईक बेकरीवाला. नियमाप्रमाणे डोळे मिटून, मुकाट बसला. जावयाने वस्तरा गळ्याला लावला आणि त्याचा हात लटलट कापायला लागला. बेकरीवाला तोंडभर कापसाचे बोळे लावून घरी गेला. दुसऱ्या दिवशी चांभाराचा कानच जायचा, थोडक्यात निभावलं. गल्लीला तर आयतंच खाद्य मिळालं. "लढाईत थेंब सांडला नाही, आणि घरी येऊन पाट वाहवतोय!"

सासऱ्यांनी निकालच लावला. "जावईबापू, उद्या माझी दाढी करायची. ओरखडा आला तर दुकान पुतण्याला. मग बसा बंदरावर बोटी बघत."

बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला डुलायची सवय झालीये, दुसरं काय? मी डुलवते की खुर्ची!"

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर तिने खुर्चीत एक भला मोठा भोपळा ठेवला, त्याला कानापर्यंत, म्हणजे कान असते तर जिथे असते तिथपर्यंत, फेस फासला आणि खुर्ची हलवायला लागली. भोपळ्याची दाढी झकास झाली. मग तिने खुर्ची सोडून दिली. तरीही झकास!

"म्हणजे डुलण्याचं काही नाही," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "भोपळ्याला भीत नाही, मग माणसाला का भिता?"

तो भोपळा मांडीवर घेऊन खुर्चीत बसला. त्याच्यावरचा उरलेला फेस अंगठ्याने पुसत राहिला.

"बोटीवर एक पोरगा होता," तो शेवटी म्हणाला. "भारी बडबड्या. वस्तऱ्याखालीसुद्धा तोंड बंद नाही. आईचं, बहिणीचं, घरच्या कुत्र्याचं, सगळं मला पाठ. एक दिवस बोटीवर गोळा पडला. समुद्रात सोडण्याआधी साहेब म्हणाले, पोराला नीट करून दे. इंजिन बंद केलेलं, पाणी एकदम शांत. मी दाढी केली गं त्याची. गप्प पडला होता. आता कोणी डोळे मिटून गप्प बसलं, की माझा हात माझा राहत नाही."

तिला रडू आवरेना. मागच्या खोलीत सासरे गुडघ्यांना तेल चोळत होते, आणि मध्ये होता फक्त पडदा. त्यांचाही हात तेलाच्या वाटीत तसाच राहिला.

सकाळी दारात ही गर्दी. पुतण्या तर नवा शर्ट घालून हजर. सासरे खुर्चीत बसले, जावयाने वस्तरा उचलला, हात कापायला लागला. आणि म्हाताऱ्याने तोंड उघडलं.

"साबण जपून लाव, फुकट येत नाही. तुझ्या सासूने आज चहात साखरच घातली नाही, विसरली म्हणे. विसरते कसली, सूड आहे तो! आणि हा बेकरीवाला, दारात उभा राहून दात काढतोय, याचे पाव बघ, हल्ली नुसती हवा…"

गल्लीने आ वासला. पुतण्या पुढे आला. "काका, अहो पाटी!"

"पाटी मी लावली, मीच काढीन. तू आधी उजेड सोड!"

वस्तरा चालू, तोंडही चालू. जावयाचा हात हळूहळू ठिकाणावर आला. एक गाल गुळगुळीत झाला. पण चालत्या जबड्यावर कोण किती सांभाळणार? 'साखर' म्हणताना हनुवटी उडाली आणि कापलं. लाल थेंब फेसात उतरला. दारातले सगळे गप्प झाले, आणि जावयाचा हात हवेतच थांबला.

सासऱ्यांनी हनुवटीला बोट लावलं, आरशात बघितलं, मग ते बोट जावयाच्या नाकासमोर धरलं.

"रक्त आलं ना? मग जिवंत आहे मी. चल, दुसरा गाल घे. हां, तर साखरेचं सांगत होतो…"