कान कोनाच्या नावानं धरला

अकोल्यात आमच्या गल्लीत कॅसिओ रिपेअर करनारे एक काका हायेत. बँडवाल्यायचे, भजनी मंडळायचे, सारे कॅसिओ त्यायच्याकडंच येतात. रिपेअर झाला का काका त्याच्यावर एकच धून वाजवून पायतात, तीनशे वर्सं जुनी, विलायती चर्चमधली. वाजवायच्या आधी कानाची पाळी धरून एका लय मोठ्या विलायती संगीतकाराचं नाव घेतात, जसं आपल्याकडं गवई गुरूचं घेतात.

अन् ऐका ना, खरी गोष्ट तं पुढंच हाय! त्या धुनीत मधात एक जागा येते, तिथं दुकानातला हरेक मानूस मांगं वळून पायते. अकोटचा बँडवाला तं म्हने, "काका, माया मांगं कोनी उभं हाय काय जी?" मीबी वळून पायलं होतं. कोनीच नसते.

मी व्हिडिओ टाकला. खाली एकानं लिवलं, ही धून त्या संगीतकाराची नाईच, चुकून त्याच्या नावावर चढली. खरी कोनाची, ते कोनालेच माईत नाई. मी पयतच दुकानात गेली.

काकायचा चेहराच उतरला. "मंग इतकी वर्सं मी दुसऱ्याच्याच नावानं कान धरून राहिलो काय, पोरी? अन् ज्याची हाय, तो तसाच उभा?"

त्यायनं पुन्हा कान धरला. नाव नाई घेतलं. धून वाजवली, ती जागा आली. दुकानात तिघं गिऱ्हाईक होते, कोनीच वळलं नाई.

फक्त काका वळले. मांगचा स्टूल फडक्यानं पुसला अन् हळूच म्हनले, "या जी, बसा."